विठ्ठल हे नाव अवैध आहे!

फायनल इयरच्या प्रोजेक्टांची यादी नोटीस बोर्डावर लागली की त्यात ‘हॉस्टेल मॅनेजमेंट सिस्टिम’ असणार, ‘मेस मॅनेजमेंट’ असणार आणि ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ तर असणारच असणार. ओरलला एक्स्टर्नल येतात, पहिल्याच स्क्रीनवर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘‘व्हॅलिडेशन केलंय का?’’ ग्रुप लीडर मोठ्या ऐटीत युजरनेमच्या रकान्यात चार वाकडीतिकडी चिन्हं टाकतो. लाल अक्षरांत मेसेज येतो, सगळे माना डोलावतात, टर्म वर्कचे मार्क पडतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या परीक्षेत अर्धाच पेपर तपासला जातो. नको ते बाहेर राहतंय का, हे आपण बघतो. हवं ते आत येतंय का, हे कोणी बघतच नाही.

हे वाचणाऱ्यांत मेकॅनिकल-सिव्हिलवाले मित्र आहेत, रेक्टर सर आहेत, ऑफिसमधली मंडळी आहेत. म्हणून आधी थोडं सोपं करून सांगते. (कंप्युटरवाल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. पण गाळू नका, ओरलला याच साध्या गोष्टींवर दांडी उडते!) हल्ली वेबसाइट कोणी शून्यापासून लिहीत नाही. आयता सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. रूबी भाषेतला ‘रेल्स’, पायथनमधला ‘जँगो’ ही त्यातली प्रसिद्ध नावं. जँगो 2005 साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीतून जगासमोर आला, आणि आपल्याकडच्या प्रोजेक्टांत तो भरपूर वापरला जातो, कारण लॉगिन, पासवर्ड, युजरनेमची तपासणी असं सगळं त्यात तयार असतं. ही तपासणी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’नं होते. मुलांचे इंग्रजी अक्षरं गिरवायचे प्लास्टिकचे साचे असतात ना, तसाच हा साचा. लिहिलेलं त्यात बसलं तर पास, नाही बसलं तर नापास.

जँगोचा युजरनेमचा साचा अगदी छोटा आहे. ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’, टिंब, ॲट, अधिक आणि वजा, एवढ्याच गोष्टी चालतील. एकूण लांबी 150 च्या आत. यातला ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ म्हणजे ‘शब्दात येऊ शकणारं कुठलंही चिन्ह’: अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. ऑगस्ट 2016 मध्ये आलेल्या 1.10 या आवृत्तीपासून पायथन 3 वर हा साचा जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी अधिकृतपणे उघडला गेला. त्याचं नावसुद्धा ‘युनिकोड युजरनेम व्हॅलिडेटर’. युनिकोड म्हटल्यावर आपली देवनागरी आलीच! असं वाटतं खरं.

आता गंमत बघा. कोणाच्याही लॅपटॉपवर दोन मिनिटांत करून बघता येईल. ‘शरद’ टाका. पास. ‘शारदा’ टाका. नापास! ‘कमल’ पास, ‘कमला’ नापास. आडनावांत कदम आणि परब आत जातात, पवार आणि पाटील बाहेर राहतात. ‘विठ्ठल’ अवैध, ‘तुकाराम’ अवैध, ‘ज्ञानेश्वर’ तर विचारूच नका. मराठीत बहुतेक मुलींची नावं काना नाहीतर वेलांटीवर संपतात. म्हणजे लेडीज हॉस्टेलची अख्खी यादी घातली तर एखादी कमल आणि एखादी शबनम सोडून बाकी सगळ्या दाराबाहेर. आणि कहर म्हणजे मराठी अंक चालतात. ‘शरद७’ बिनतक्रार पास होतो. सात चालतो, पण काना चालत नाही.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण यात कोणाचा दुष्टपणा नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आणि एक जात दिलेली असते. ‘क’ हे अक्षर. पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण यांची जात ‘अक्षर’ नाही, ‘खूण’ आहे. म्हणजे अक्षराला चिकटून येणारी गोष्ट. ‘कि’ म्हणजे ‘क’ अधिक वेलांटी, अशी दोन चिन्हं. ही मांडणी चुकीची नाही, आपल्याच आयएससीआयआय या भारतीय मानकावरून ती युनिकोडनं उचलली आणि बाराखडीचा हिशोब बघता तीच शहाणपणाची आहे. गडबड पायथनमध्ये आहे. पायथनचा ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ विचारतो, ‘हे चिन्ह अक्षर आहे का, किंवा अंक?’ वेलांटी म्हणते, ‘मी खूण.’ संपलं. वास्तविक युनिकोडच्या स्वतःच्या रेग्युलर एक्स्प्रेशनविषयक मार्गदर्शनात साफ म्हटलंय की ‘शब्दातलं चिन्ह’ म्हणताना या खुणासुद्धा धराव्यात. पर्ल धरतं. जावाला युनिकोडप्रमाणे वाग असं सांगितलं तर तीही धरते. पायथनच्या ‘री’ या मॉड्यूलबद्दल ही तक्रार 2007 सालीच नोंदवलेली आहे. म्हणजे ती तक्रार आपल्या एफईच्या मुलांएवढ्या वयाची आहे!

मग इतकी वर्षं कोणाला कळलं कसं नाही? तर फ्रेंच माणसाच्या नावात ई-वर तिरकी रेघ असते, तिच्यासाठी युनिकोडमध्ये रेघेसकट एक अखंड अक्षर आधीच तयार आहे. तो सुटं लिहो की जोडून, जँगो तपासणीआधी ते अखंड अक्षरात बदलून घेतो. जपानी, चिनी, रशियन, ग्रीक, सगळे पास होतात. ज्यांनी हा साचा तपासला असेल त्यांच्यासमोर कदाचित हीच नावं असतील. ‘कि’साठी अखंड अक्षर नाही आणि कधीच नव्हतं. म्हणून मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, थाई, एवढी सगळी मंडळी एका काना-मात्रेपायी अडकली. कोणी ठरवून अडकवलं नाही. आपलं नाव कोणी टाकून बघितलंच नाही, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, ‘‘एवढं काय त्यात? इंग्रजीत टाका की युजरनेम!’’ माझे वर्गातले निम्मे मित्र हेच म्हणाले. त्यांना मी आपल्या गेटवरची गोष्ट सांगते. मागच्या वर्षी एका ग्रुपनं गेटवरची आउट-पासची वही काढून टाकून तिथे टॅबलेट बसवला. प्रोजेक्ट चांगला होता, मनापासून केलेला होता. गेटवरच्या काकांना सांगितलं, ‘‘काका, तुमचं अकाउंट तुम्हीच उघडा, मराठीत लिहिलंत तरी चालतं.’’ काका मोबाइलवर रोज मराठीत टाइप करतात, व्हॉट्सॲपवर आपल्यापेक्षा जोरात. त्यांनी नाव लिहिलं. त्यात एक जोडाक्षर आणि एक वेलांटी. स्क्रीनवर लाल मेसेज आला की योग्य युजरनेम द्या, त्यात फक्त अक्षरं, अंक आणि अमुक चिन्हंच असू शकतात. काकांनी पुन्हा सावकाश, एकेक बोटानं लिहिलं. पुन्हा तेच. मग चष्मा पुसून ते म्हणाले, ‘‘पोरांनो, अक्षरंच तर लिहिलीत मी. बघा बरं, माझंच नाव चुकतंय का?’’

शेवटी एकानं त्यांचं नाव इंग्रजीत टाकून दिलं. स्पेलिंग त्यानंच ठरवलं. काकांच्या आधार कार्डावर वेगळं आहे, पगाराच्या पावतीवर आणखी वेगळं. तेव्हापासून टॅबलेट लॉगआउट झाला की काका येणाऱ्या-जाणाऱ्या पोराला थांबवून म्हणतात, ‘‘बाळा, जरा माझं नाव टाक रे.’’ तीस वर्षं वहीत स्वतःची सही करणारा माणूस! वही होती तेव्हा त्यांना कोणाची गरज लागत नव्हती.

या प्रसंगात सगळ्यात जास्त मला त्या मेसेजचा राग येतो. ‘फक्त अक्षरं चालतात’ असं तो अक्षरं लिहिणाऱ्या माणसाला सांगतो. म्हणजे मर्यादा साच्याची, आणि चूक ठरते माणसाची. ‘आम्हाला मराठी येत नाही, माफ करा’ असा मेसेज आला असता तर निदान खरा तरी असता.

इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायलाच हवी. युजरनेम आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युजरनेम म्हणजे हॉस्टेलच्या खोलीचा नंबर. खोली 214 म्हणजे कोण राहतं याच्याशी नंबराला काही देणंघेणं नाही. तो छोटा असावा, सांगायला सोपा असावा, एकासारखा दुसरा नसावा. एखाद्या साइटनं सरळ सांगितलं की युजरनेम फक्त इंग्रजी लहान अक्षरं आणि अंक, तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. तो एक प्रामाणिक निर्णय आहे. फक्त तो घेताना दोन गोष्टी कराव्यात. नावासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि त्यावर कुठलाही साचा लावू नये. आणि आपले वापरणारे कोण आहेत ते बघावं. गेटवरच्या काकांना आणि मेसमधल्या मावशींना इंग्रजी युजरनेम द्यायचं असेल तर त्यापेक्षा मोबाइल नंबरावर लॉगिन द्या ना! तो त्यांना पाठ असतो आणि त्यात काना-मात्राही नसतात. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना इंग्रजी युजरनेमचा काहीच त्रास होत नाही, आणि पंचाईत हीच आहे की नियम लिहायला नेमके आम्हीच बसतो. इंग्रजीत लक्ष्मी ‘एक्स’नं लिहायची की ‘केएसएच’नं, ज्ञानेश्वर ‘डीएन’नं सुरू होतो की ‘जीवाय’नं, हे आम्ही दुसऱ्याच्या वतीनं ठरवून मोकळे होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे हे अर्धवट उघडलेलं दार. बोर्डावर ‘सर्व भाषांचे स्वागत’ आणि आत फक्त कदम-परब.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सुरक्षितता. ‘‘सगळ्या लिप्या आत घेतल्या तर चोरही येतील,’’ असं आमच्या लॅबमधला एक हुशार मुलगा म्हणाला, आणि ते खरं आहे. रशियन लिपीतला ‘अ’ डोळ्यांना हुबेहूब इंग्रजी ‘ए’सारखा दिसतो, पण त्याचा क्रमांक वेगळा. एप्रिल 2017 मध्ये एका संशोधकानं नुसत्या रशियन लिपीतल्या अक्षरांनी ‘ॲपल’ कंपनीच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता आणि काही ब्राउझर त्याला फसले होते. आता त्याच युक्तीनं जँगोमध्ये ‘ॲडमिन’ हे युजरनेम करून बघा. पहिलं अक्षर रशियन, बाकीची इंग्रजी. पास! रशियन अक्षर हे ‘अक्षर’ आहे ना. म्हणजे या साच्यानं बहुरूप्याला नमस्कार करून आत घेतलं आणि विठ्ठलाला मात्र दाराबाहेर, विटेवरच ठेवलं. सुरक्षेसाठी देवनागरी अडवली असं म्हणायलासुद्धा जागा राहत नाही.

याहून मोठा किस्सा 2013 चा, ‘स्पॉटिफाय’ या गाण्यांच्या कंपनीचा. तिथे कुठल्याही लिपीत युजरनेम घेता येत असे, आणि दोन सारखी नावं होऊ नयेत म्हणून प्रत्येक नाव एका ठरावीक साध्या रूपात बदलून ठेवत. एका वापरकर्त्यानं दाखवून दिलं की वर चढवलेल्या बारीक मोठ्या लिपीत ‘बिगबर्ड’ लिहिलं तर नाव बदलणाऱ्या फंक्शनमधून एकदा गेल्यावर त्याचं साध्या मोठ्या लिपीतलं ‘बिगबर्ड’ होतं, आणि दुसऱ्यांदा गेल्यावर छोट्या लिपीतलं. खातं उघडताना नाव एकदाच बदललं गेलं, म्हणून ते नवीन नाव ठरलं. पासवर्ड बदलताना ते दुसऱ्यांदा बदललं गेलं, आणि पासवर्ड बदलला तो मूळ छोट्या लिपीतल्या ‘बिगबर्ड’चा! दुसऱ्याचं खातं हातात. कंपनीनं स्वतःच नंतर सविस्तर लिहून सांगितलं की पायथनची आवृत्ती बदलल्यावर त्या फंक्शनचं वागणं बदललं होतं. एकदा धुतलेला कपडा पुन्हा धुतला तर तोच रंग राहिला पाहिजे. गणितवाले ज्याला आयडेम्पोटंट म्हणतात तो गुण एवढाच, पण तो गेला की कुलूप गेलं.

बरं, यात दोष नाव बदलणाऱ्या फंक्शनचा होता, परकीय लिपीचा नव्हे. नुसत्या इंग्रजीतही साचे गळतात. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये डॉलरचं चिन्ह म्हणजे ‘इथे शेवट’, पण शेवटी एक ‘एंटर’ असला तरी ते खुशाल चालवून घेतं. म्हणून ‘ॲडमिन’ आणि ‘ॲडमिन अधिक एक न दिसणारा एंटर’ ही दोन वेगळी युजरनेम जँगो मान्य करत होता. ईमेल वगैरेंच्या साच्यांतली हीच फट जुलै 2015 मध्ये सुरक्षा-दोष म्हणून जाहीर करून बुजवली होती. युजरनेमच्या साच्याकडे लक्ष जायला 2019 उजाडलं. रूबीत तर प्रकरण आणखी वाईट. तिथे डॉलर म्हणजे फक्त ओळीचा शेवट. पहिली ओळ सोज्वळ ठेवायची आणि दुसऱ्या ओळीत हवा तो धिंगाणा घालायचा. हे इतकं व्हायला लागलं की 2013 च्या रेल्स 4 पासून साच्यात ते चिन्ह दिसलं तर फ्रेमवर्क स्वतःच नकार देतं. आपल्या ज्युनिअर्सच्या प्रोजेक्टांत तरीही हे साचे जुन्या रिपोर्टांतून जसेच्या तसे उतरतात. मुखपृष्ठ बदलतं, डॉलर राहतो.

आणि एक गंमत, वसई-गोव्याच्या मित्रांसाठी. इंग्रजीत डिसोझा, डिकोस्टा, डिमेलो लिहिताना बरेच जण ‘डी’नंतर वरचा स्वल्पविराम देतात. कित्येक फॉर्म ते नाव घेतच नाहीत. कारण विचारलं की गंभीर चेहऱ्यानं उत्तर येतं, ‘‘एसक्यूएल इंजेक्शन!’’ म्हणजे तो स्वल्पविराम डेटाबेसच्या आज्ञेत घुसून घोटाळा करेल ही भीती. भीती खरी आहे, औषध चुकीचं आहे. डेटाबेसला आज्ञा वेगळी आणि माहिती वेगळी पाठवली, ज्याला पॅरामीटराइज्ड क्वेरी म्हणतात, तर नावात स्वल्पविराम असो नाहीतर अख्खी आज्ञा, ती नुसती अक्षरं म्हणून साठवली जातात. जँगो आणि रेल्स दोन्ही आपणहून असंच करतात. तेव्हा स्वतःची क्वेरी कच्ची लिहायची आणि शिक्षा डिसोझाला द्यायची, हा न्याय मला पटत नाही.

लांबीचंही तसंच. ‘युजरनेम किमान चार अक्षरांचं हवं’ असा नियम असतो. ‘विठ्ठल’ किती अक्षरांचा? आजी म्हणेल तीन: वि, ठ्ठ, ल. पायथन म्हणेल सहा. यूटीएफ-8 मध्ये साठवला तर अठरा बाइट. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीनं एकच अक्षर, पायथनच्या दृष्टीनं सहा! कोणाचं मोजमाप धरायचं ते ठरवा, हरकत नाही. पण मग मेसेजमध्ये ‘अक्षर’ हा शब्द जपून वापरा.

मग करायचं काय? नुसती टीका करून पान भरायला मीही तयार नाही. जँगोमध्ये युजरनेमचा साचा आपल्याला हवा तसा बदलता येतो, तेवढी सोय त्यांनी ठेवलीच आहे. साच्यात देवनागरीचा पट्टा घालायचा. युनिकोडमध्ये तो 0900 ते 097एफ (सोळाच्या पायात). पण सगळा घालू नका, कारण 0964 आणि 0965 वर दंड आणि दुहेरी दंड बसलेत. ती विरामचिन्हं, युजरनेममध्ये त्यांचं काम नाही. म्हणून 0900 ते 0963, पुढे 0966 ते 096एफ हे अंक, आणि आपल्या मराठीच्या ‘ॲ’साठी 0972. सुरुवात अक्षरानंच व्हावी, कान्यानं किंवा वेलांटीनं होऊ नये. एका नावात एकच लिपी: सगळं देवनागरी किंवा सगळं रोमन. या एका अटीनं तो रशियन टोपीवाला ‘ॲडमिन’ आपोआप पडतो. दोन नावं सारखी आहेत का हे बघण्याआधी दोन्ही एकाच साध्या रूपात आणा, आणि तीच अट डेटाबेसलाही घाला; नाहीतर दोन मुलांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांना एकच नाव मिळेल. हे मी मनानं सांगत नाही. युजरनेमसाठी 2017 मध्ये आरएफसी 8265 हे मानक आलंय, त्याच्या मुळाशी असलेल्या वर्गवारीत अक्षरांच्या शेजारी या खुणाही रीतसर धरलेल्या आहेत.

एवढं करूनही काही गाठी राहतात, आणि त्या आपल्याच आहेत; अमेरिकेतला कोणी येऊन सोडवणार नाही. ‘ॲग्नेस’मधला ‘ॲ’ एक अखंड चिन्ह म्हणून लिहिता येतो किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन. डोळ्यांना फरक नाही, क्रमांक वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं साधं रूप या दोघांना एक करत नाही. युनिकोडमध्ये ते अखंड ‘ॲ’ आलंच मुळी 2008 मध्ये, त्यामुळे जुन्या याद्यांत दुसरी रीत सापडणारच. ‘कऱ्हाड’मधला तो पापणीसारखा ‘र’ तसाच. कोणाचा कीबोर्ड त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतो, कोणाचा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवतो. ते अदृश्य चिन्ह सरसकट बंद केलं तर कऱ्हाडकरांचं नाव तुटतं, सरसकट चालू ठेवलं तर बहुरूप्यांना सोय होते. इंटरनेटच्या पत्त्यांसाठीच्या नियमांत यावर तोड आहे: पाय मोडायच्या खुणेनंतर लगेच आलं तरच ते चालवायचं, एरवी नाही. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कुठेतरी बसून कोणीतरी आपल्या अर्ध्या ‘र’चा एवढा विचार केला होता.

तेव्हा यंदा ज्यांच्या वाट्याला हॉस्टेल, मेस नाहीतर गेटचं प्रोजेक्ट आलंय त्यांना माझी विनंती आहे. टेस्ट केसच्या तक्त्यात ‘एबीसी123’ आणि ‘टेस्ट1’ लिहून पान भरू नका. तिथे शारदा लिहा, विठ्ठल लिहा, फातिमा लिहा, ॲग्नेस डिसोझा आणि कऱ्हाडकर लिहा, दोन्ही रीतींनी. बहुरूपी ‘ॲडमिन’ही लिहा, शेवटी एंटर असलेलाही लिहा, आणि ते नापास होतायत हे दाखवा. आणि टॅबलेट गेटवर बसवण्याआधी एकदा काकांच्या हातात द्या. पासवर्ड तुम्ही ठरवून द्या हवं तर. नाव मात्र त्यांना स्वतःला लिहू द्या.